खुनाच्या पिच्चरांचं वर्ष

त्या वर्षी तंजावरातल्या थेटरांना खुनाच्या पिच्चरांनी झपाटलं होतं. त्याच्या आधी देवांचे पिच्चर लागत, रडके लागत, मारामारीचे लागत. त्या वर्षी मात्र एकामागून एक असे आले, ज्यांत सुरुवातीलाच कुणीतरी मरायचं आणि कुणी मारलं ते शेवटच्या रिळापर्यंत कळायचं नाही. तमिळमध्ये त्यांना मर्म पडम म्हणत, आमच्या घरात खुनाचा पिच्चर. कापीच्या, म्हणजे कॉफीच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, देवळाच्या चपला ठेवायच्या जागी, जिथे तिथे एकच विषय, खुनी कोण. ज्याने बघितलाय त्याने शेवट सांगायचा नाही असा गावानेच नियम करून टाकला होता, आणि तो मोडला म्हणून थेटराबाहेर चांगला चोपलेला एक माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. इतरांना ते वर्ष निराळ्या कारणांनी आठवत असेल. गच्च्यांवर टीव्हीच्या मोठमोठ्या तबकड्या आल्या, दुकानांत शिवलेले तयार सदरे पारदर्शक पिशव्यांत बसून आले, कोपऱ्यावर काचेचं टेलिफोन बूथ आलं. मला ते वर्ष त्या पिच्चरांनी आठवतं, कारण ते सगळे मी अप्पांच्या कानात सांगितले.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. पुढची खोली म्हणजे दुकान, मधली म्हणजे घर, मागे चूल आणि न्हाणी. अप्पा टेलर. तमिळ लोकांना आमच्यातले, म्हणजे तंजावरातले मराठी बोलणारे, सगळेच राव, त्यामुळे अप्पा राव टेलर, आणि मी राव टेलरची न बोलणारी मुलगी. सकाळी उठायच्या आधी कानावर यायचं ते मशीन. पायाखालची पट्टी आधी हळू कुरकुरायची, मग एकदम धावत सुटायची, आणि तिच्या तालावर आत अम्माचा रगडा फिरायचा. अम्मा म्हणायची, "माझा रगडा तुमच्या मशीनपेक्षा जास्त शिवतो, पोटं शिवतो." तिच्या हातची रसवांगी, म्हणजे वांगी, तूरडाळ, चिंच आणि वर भाजलेलं खोबरं, तिचा वास अजूनही कुठून आला की मला मशीनच्या तेलाचा वास येतो. दोन्ही वास एकाच वेळी घरात असायचे, ते आता वेगळे होत नाहीत.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. वर्गात तोंडातून शब्द निघायचा नाही. बाईंनी अम्माला बोलावून विचारलं, ही मुकी आहे का? अम्माने येताना वाटभर बडबड केली आणि घरी येऊन अप्पांना सांगितलं, "मास्तरणीला फुकट बोलणारी पोर पाहिजे. आपल्याला काजं करणारी पाहिजे." झालं, शाळा संपली. अप्पांनी भजनाच्या पुस्तकावरून मला मराठी अक्षरं शिकवली. आता मी लिहितेय ती मराठी मात्र पुढची आहे. शेजारच्या घरात बँकेत बदलून आलेल्या पुण्याच्या बाई काही वर्षं राहिल्या, त्यांनी जाताना मासिकांचे गठ्ठे दिले, ते वाचत वाचत ही आली. घरात आम्ही असं बोलत नव्हतो. आमचं बोलणं जुनं, 'मला' नाही तर 'मज', आणि निम्मं तमिळ. गल्लीबाहेर ते कुणाला कळायचं नाही, आणि कळत नाही याचा आम्हाला फार आधार होता. बाजारात भाव कमी करायचा की नाही, आलेल्या पाहुण्याला जेवायला थांबवायचं की नाही, कुणाच्या नाकाला काय झालंय, सगळं माणसाच्या तोंडावर मराठीत बोलायचं आणि हसत राहायचं. ही सवय आमच्यातल्या प्रत्येक घराला होती. मराठी म्हणजे आमच्यासाठी कडी लावलेली खोली होती.

अप्पांच्या नजरेच्या आधी कडा गेल्या. बाजूने आलेलं माणूस त्यांना दिसायचं नाही. मग संध्याकाळ गेली, दिवे लागले की ते उंबऱ्याला ठेचाळायचे. मग मधलंही धुरकटलं. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं की हे रक्तातलं आहे, यात कापण्यासारखं काही नाही. आज्याचे डोळे असेच गेले होते, थोरल्या काकांचे, अप्पांच्या अण्णाचेही, पण लोकांनी ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. घरी आल्यावर अम्मा रडली नाही. तिने शांताअक्काकडे बघितलं. माझी अक्का तेव्हा लग्नाची होती, उंच, गोरी, हाताने इतकी सफाईदार की तिची तुरपाई उलट्या बाजूने बघितली तरी सुलटी वाटायची. आमची माणसं तंजावर, तिरुवैयारु, कुंभकोणम अशी विखुरलेली आणि मोजकी, सगळी कुठून ना कुठून नात्यातली. डोळे रक्तातून जातात हे एकाच्या कानावर गेलं की सगळ्यांच्या जाणार, आणि मग अक्काला विचारायला कुणी येणार नाही. म्हणून ठरलं की अक्काच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत अप्पांना दिसतंय.

हे ठरवणं सोपं होतं, चालवणं घरभराचं काम झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सुया ओवून गादीला रंगाच्या क्रमाने टोचून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर अप्पांना चाचपडावं लागू नये. दुकानात कुणी आलं, समजा नवं धोतर नेसून सोनार आचारी आले, की आतून अम्मा मोठ्याने म्हणायची, "या या आचारी, वेष्टी नवी दिसते!" की अप्पा मान वर न करता म्हणायचे, "बसा आचारी, वेष्टी झकास आहे." माप घेताना टेप अप्पा धरायचे आणि आकडा अक्का वाचायची, जणू काही ती शिकतेय. कापड मात्र तेच कापायचे. खडूची रेघ दिसायची नाही, पण डाव्या हाताची बोटं कापडावर पुढे चालत जायची आणि कात्री त्यांच्या मागून. एकदाही चुकले नाहीत. गिऱ्हाईक म्हणे, "राव, तुम्ही मान वर करतच नाही." अप्पा म्हणत, "मान वर करणारा टेलर गिऱ्हाइकाचा खिसा बघतो." सगळे हसत. आम्ही आत श्वास सोडत असू.

आणि पिच्चर. मंगळवारी आमच्याकडे कुणी नवं कापड कापायला देत नाही, अशुभ मानतात, म्हणून दुकान मंगळवारी बंद. अप्पा तरुणपणापासून मंगळवारी मॅटिनीला जायचे, हे सगळ्या गल्लीला माहीत. डोळे गेले तेव्हा त्यांनी जाणं सोडलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात कापीवाला म्हणाला, "काय राव, पिच्चर सोडला? तब्येत बरी ना?" त्या दिवशी अम्माने मला नवा परकर नेसवला. "अप्पांबरोबर जा. पिच्चर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर कुणी संशय घेत नाही. आणि नीट बघ, बुधवारी दुकानात लोक खुनी कोण म्हणून विचारतील, अप्पांना सगळं सांगता आलं पाहिजे."

आम्ही स्टेशनापलीकडच्या जुन्या थेटरात जायचो. तिकडे आमची माणसं फिरकत नसत. शेवटच्या रांगेच्या पुढची, कडेची खुर्ची. अंधार झाला की अप्पा मान माझ्याकडे कलती करत आणि मी सुरू करायची. शाळेत जे तोंड उघडलं नाही ते त्या अंधारात उघडलं. शेजारच्यांना वाटे पोरगी काहीतरी जपतेय. माझं मराठी त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांचा पिच्चरही बिघडत नव्हता.

काय काय पिच्चर होते ते! नावं मला आठवत नाहीत, घरात आम्ही आमची नावं ठेवली होती. एक विहिरीचा. गावच्या मास्तराचं प्रेत विहिरीत सापडतं, आणि सगळं गाव तर त्याच विहिरीचं पाणी पितं. मी अप्पांना गावातला एकेक माणूस कपड्यांनिशी सांगत होते, कारण टेलरच्या पोरीला आधी कपडेच दिसतात. मध्यंतराच्या जरा आधी अप्पा कुजबुजले, "त्या पुजाऱ्याच्या हातात ताकाचा लोटा कितव्यांदा आला गे?" मी म्हटलं, नेहमीच असतो. "मग तोच. तो पाणी पीत नाही." शेवटी तोच निघाला. एक बूथचा. काचेच्या बूथमधून एक बाई नवऱ्याशी बोलत असते आणि टेलिफोनमधून तिला पलीकडे त्याचा खून होताना ऐकू येतो. त्या पिच्चरात अप्पांना माझी गरजच पडली नाही, पलीकडच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं की मारणारा एका पायाने जड आहे. आणि एक डोंगरावरच्या बंगल्याचा, ज्यात एकही गाणं नव्हतं. लोक चिडले, विडी ओढायला बाहेर कधी जायचं म्हणाले. अप्पांना मात्र तो सगळ्यांत आवडला. थंडीच्या ठिकाणी एकच पाहुणा बाह्या दुमडून फिरतो हे मी सांगितलं, आणि ते लगेच म्हणाले, "बाहीला काहीतरी लागलंय, ते लपवतोय." बुधवारी दुकानात लोक गोळा व्हायचे. अप्पा खुनी सांगायचे नाहीत, नुसती खूण द्यायचे आणि मशीन चालवायला लागायचे. राव टेलरची नजर बघा, असं लोक म्हणायचे. हे ऐकून अक्का आत तोंडाला पदर लावून हसायची. मी आयुष्यात त्या मंगळवारांइतकी बोलले नाही. आज वाटतं, सगळं बोलणं तेव्हाच खर्च झालं.

त्याच सुमारास अक्काला तिरुवैयारुचं स्थळ आलं. मुलगा सोसायटीच्या ऑफिसात, पगारी. वडील नव्हते, घरातलं सगळं त्याचे काका बघत. बघायला आले तेव्हा अप्पांना आम्ही मशीनवरच बसवलं, जसं काही काम सोडवत नाही. काकांचा आवाज मोठा आणि खेळकर होता. म्हणाले, "राव, मुलगी बघायला आलो, तुम्ही बाही काय बघता?" अप्पा म्हणाले, "मुलगी तुम्हीच बघा, मी रोज बघतो." खोली हसली. मी चुलीपाशी होते, कापीचे पेले भरत होते. मी बाहेर गेलेच नाही. त्यामुळे काकांचा चेहरा मी पाहिला नाही, ही गोष्ट पुढे कामाची आहे.

अक्का त्यांना पसंत पडली. निश्चितार्थ, म्हणजे पानसुपारीचा दिवस ठरला. आमच्या टेलर घरांतली रीत अशी, की मुलीच्या बापाने त्या दिवशी मुलाकडच्या पुरुषांना स्वतःच्या हाताने शिवलेले सदरे द्यायचे. कापून अप्पांनी दिले. शिलाई अक्काने केली, स्वतःच्या नवऱ्याचा सदरा ती शिवत होती आणि अम्मा तिला चिडवत होती, "हळू शिव, खांदे कुठे पळत नाहीत." काजं आणि बटणं माझी. फिकट निळं कापड होतं, हाडाच्या रंगाची बटणं. बटण सगळे फुलीचा टाका घालून लावतात, मी लहानपणापासून दोन आडव्या रेघा घालते, चुकीची सवय, अप्पा नेहमी रागवायचे. पानसुपारी झाली, तेव्हाही मी आत चुलीपाशीच. अप्पांनी सदरे दोन्ही हातांनी पुढे केले, समोरच्याने घेतले. सगळं पार पडलं. लग्न धान्य घरात आल्यावर करायचं ठरलं, म्हणजे थोडेच महिने राहिले.

फोटोचा पिच्चर त्या दिवसांतला. एक फोटोग्राफर लग्नांचे फोटो काढतो, आणि धुताना त्याला दिसतं की प्रत्येक फोटोत नवरीच्या मागे एकच माणूस उभा आहे, निरनिराळ्या लग्नांत, निरनिराळ्या गावांत, आणि त्या नवऱ्या एकेक करून मरतायत. तांबड्या उजेडात, पाण्याच्या ताटात, चेहरा हळूहळू उमटत यायचा. मी अप्पांना सांगत होते, "आधी नवरी आली. आता हार. आता मागचा खांब. आता मागे कोणी उभा आहे." अप्पांनी माझं मनगट धरलं. "चेहरा?" "चेहरा अजून आला नाही."

तेवढ्यात रीळ तुटलं. पडदा पांढरा झाला, मग काळा, थेटरभर शिट्ट्या आणि बाकांवर थापा. त्या गोंगाटात अप्पा जरा मोठ्याने बोलले, नेहमीपेक्षा मोकळे. मला वाटतं, ते खूश होते. "रीळ तुटलं होय? मज काही फरक कळला नाही गे. पडदा पांढरा काय, काळा काय. आता तुझं तोंडही दिसत नाही मज, नुसता आवाज येतो. तुझ्या आज्याचं शेवटी असंच झालं, अण्णाचंही. शांताच्या डोक्यावर अक्षता पडू दे. तू माझा हात धर त्या दिवशी, कुठे टाकायच्या ते दाखव. मग साऱ्या जगाला कळू दे, राव टेलर आंधळा आहे."

थेटरात दिवे लागले. माझ्या मानेमागे कुणीतरी शेंगदाणे खात होतं ते थांबलं. मी वळून बघितलं. मागच्या रांगेत, अगदी आमच्या पाठीशी, एक उंच माणूस, हातात कागदाची पुडी. त्याचा चेहरा मी ओळखला नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्याची छाती आली, फिकट निळं कापड, आणि हाडाच्या रंगाच्या बटणांवर दोन दोन आडव्या रेघा. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने सावकाश मान वर केली आणि रिकाम्या पडद्याकडे बघायला लागला, जसा तिथे पिच्चर चालू आहे.

दिवे गेले, पिच्चर पुढे सुरू झाला. अप्पा कलले. "सांग गे. चेहरा आला?" माझ्या तोंडातून शब्द निघेना. अगदी शाळेतल्यासारखं. "काय झालं? कोण आहे मागे?" मी त्यांचा हात नुसता दाबून धरला. चेहरा आला, खुनी आला, त्याला पकडलं, सगळं मी बघितलं आणि एक अक्षर बोलले नाही. अप्पा थोड्या वेळाने सरळ बसले. बाहेर पडताना गर्दीत, दाराशी, मागून मराठीत आवाज आला, हळू, खेळकर नाही, "पायरी आहे. सांभाळून न्या त्यांना." अप्पांची बोटं माझ्या दंडात रुतली. तो आवाज त्यांनी ओळखला होता. मी सदरा ओळखला होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू. घर तेच, मशीन तेच, अम्माचा रगडा तोच, आणि सगळे एकाच वाक्यावर अडकून बसलेले. अम्मा म्हणायची, "पायरी आहे म्हणाला ना? ज्याला लग्न मोडायचं तो पायरी कशाला दाखवेल? पडू दिलं असतं." अप्पा म्हणायचे, "ते माणूस म्हणून बोलले, सोयरे म्हणून नाही." "तुम्हाला सगळ्या पिच्चरांत खुनीच दिसतात." "यात खुनी कोणी नाही गे," अप्पा म्हणाले, "तीच पंचाईत आहे." अक्का लग्नाच्या पातळाला लावायची किनार उसवायची आणि पुन्हा लावायची. अम्माने तिला एकदा विचारलं, तुज काय वाटतं? अक्का म्हणाली, "मी तो सदरा घट्ट शिवलाय. सहज उसवणार नाही." सगळी आशा त्या पायरीवर उभी होती.

काका स्वतः आले. दुपारची वेळ, अम्मा पापड उन्हातून उचलत होती. त्यांच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत सगळे सदरे, धुऊन, खळ घालून, इस्त्री करून. माणूस पाठवला असता तरी चाललं असतं, पण ते स्वतः आले, बसले, अम्माने दिलेली कापीही प्याले. "राव, रागाने आलो नाही," ते म्हणाले. "तुमची मुलगी लाखात एक आहे. पण माझ्या भावाचा वंश एवढाच. उद्या त्याची पोरं... मी त्याच्या आईला काय सांगू?" अप्पा मशीनवरच बसले होते. म्हणाले, "खरं आहे तुमचं." काकांना तेवढ्याने मोकळं वाटलं नाही. त्यांनी मला दाराआड बघितलं. "पोरी, तू छान सांगतेस. तुमची ओळख पटल्या पटल्या हाक मारणार होतो. पण मग तू थांबली असतीस. म्हणून गप्प ऐकत बसलो. हाक मारायला पाहिजे होती." त्यांचे डोळे खरंच भरले होते. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

ते उठले तेव्हा अप्पांनी विचारलं, "त्या फोटोच्या पिच्चरात शेवटी मागे कोण निघाला?" काका चपला घालता घालता थांबले. "खरं सांगू राव? हिचं बोलणं थांबल्यावर माझंही लक्ष उडालं. मज आठवत नाही." अप्पांनी मान हलवली. ते गेल्यावर अप्पांनी वरचा सदरा मांडीवर घेतला, बटणावरून अंगठा फिरवला. "अजून आडव्याच रेघा घालतेस," एवढंच म्हणाले. खुनी कोण ते त्यांनी मला पुढे कधीच विचारलं नाही, आणि मंगळवारी ते पुन्हा थेटरात गेले नाहीत. आता जायचं कारण उरलं नव्हतं, सगळ्यांना माहीत झालं होतं.

पुढचं फार नाही. कुंभकोणमहून एक स्थळ येणार होतं ते वाटेतच थांबलं. दुकानाला तयार सदऱ्यांनी खाल्लं, उरलंसुरलं लोकांच्या दयेने, कारण आंधळ्या टेलरला कुणी कापड देत नाही, फार तर जुनी उशी शिवायला देतात. ते निळे सदरे अम्माने कुणाला दिले नाहीत. अप्पांनीच ते एकेक करून झिजेपर्यंत घातले. अप्पा गेले, मग अम्मा. अक्काला दुसरं कुणी विचारलं नाही आणि माझं तर कुणी नावही काढलं नाही. गल्लीतली माणसं सांगायची, एवढ्यासाठी कुणी मुलगी सोडतं का, काय ती जुनी समजूत. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. मग एके दिवशी दिवेलागणीला अक्का उंबऱ्याला ठेचाळली. काकांचं म्हणणं बरोबर होतं. हे लिहायला मला जड जातं, पण कडी लावलेल्या खोलीतच लिहितेय.

आता अक्काला काही दिसत नाही. आम्ही दोघी त्याच घरात, मधल्या खोलीत. स्वयंपाक माझ्याकडे, गप्पा तिच्याकडे. दुपारी टीव्हीवर जुने पिच्चर लागतात, आणि त्या वर्षीचे खुनाचे पिच्चर तर फिरून फिरून लागतात. मी तिला सांगते, मोठ्याने, आता कुजबुजायचं कारण नाही. परवा फोटोचा लागला. तांबडा उजेड आला असावा, संगीतावरून कळतं. अक्का पुढे सरकून बसली. तिने हा पिच्चर कधी बघितला नाही, आणि त्या थेटरात काय झालं ते माहीत असूनही तिने आजवर मला शेवट विचारला नव्हता. "काय दिसतंय गे?" मी म्हटलं, "आधी नवरी आली. आता हार. आता मागचा खांब." "मागे कोण आहे? चेहरा आला?"

मी बघत होते. गेल्या पावसापासून माझ्या टीव्हीला कडा नाहीत. मध्ये एक धुरकट ठिपका आहे, त्यात कधी रंग हलतो. हे अक्काला ठाऊक नाही, तिला वाटतं की एकीचे तरी वाचले. मी आठवून सांगितलं. त्या दिवशी अप्पांना सांगायचा राहिलेला चेहरा, टोपी, ओठावरचा तीळ, सगळं जसंच्या तसं सांगितलं. अक्का मागे टेकली आणि म्हणाली, "तुज दिसतंय तोवर मज काळजी नाही." मी म्हटलं, "बरं अक्का," आणि पुढचं सांगायला लागले.